हेझी डबल आयपीए: घ्यावी कशी, ओतावी कशी, चाखावी कशी आणि कशाबरोबर

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा हिरमोड नको: आज इथे बिअर मिळणार नाही. समोरच्या टेबलावर रिकामे ग्लास आहेत, एक संत्रं आहे, एक पिकलेला पेरू आहे आणि पाण्याचा तांब्या आहे. ज्यांना कायद्याने परवानगी आहे आणि ज्यांना प्यायची आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. ज्यांना प्यायची नाही, त्यांनीही थांबावं. नाकाचं आणि जिभेचं काम कसं चालतं हे त्यांनाही उपयोगी पडेल.

विषय आहे हेझी डबल आयपीए. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या क्राफ्ट बिअरच्या यादीत हे नाव दिसायला लागलं आहे. भाव साध्या बिअरपेक्षा चढा. दिसायला आंब्याच्या पन्ह्यासारखी गढूळ. आणि बहुतेक लोक ती पितात मात्र साध्या लागरसारखीच: बर्फागार, घटाघटा, तिखटजाळ चकण्याबरोबर. असं प्यायलं की दोन्हीकडून नुकसान होतं. ज्यासाठी पैसे मोजले तो वास हातातून जातो, आणि जी ताकद लक्षात यायला हवी ती उठून उभं राहिल्यावर लक्षात येते. आमचं आजचं सगळं म्हणणं या दोन गोष्टींभोवती आहे. या बिअरचा वास फार लवकर उडतो, आणि तिची ताकद फार चांगली लपते. ती कशी घ्यायची, ओतायची, कशाबरोबर प्यायची, याची उत्तरं यातूनच निघतात.

नाव एकच, स्वभाव उलटा

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. नावातच आपला देश आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या पूर्व भागात, बो इथे, जॉर्ज हॉजसन यांची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान तिथून पिंपं भरून घेत आणि कलकत्ता, मद्रास, मुंबईला विकत. ब्रुअरी गोदीपासून जवळ होती आणि हॉजसन कप्तानांना दीड वर्षाची उधारी देत असत, हेही त्या यशाचं एक कारण. जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, आणि प्रवासाला चार ते सहा महिने लागायचे. हॉप्स भरपूर घातलेली ती बिअर या प्रवासात नासण्याऐवजी मुरायची. पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास यांनी हा बाजार काबीज केला.

त्या काळी मुंबईहून पुण्याला जायची वाट आपल्या पनवेलवरूनच होती. मुंबईहून होडीने पनवेल बंदर गाठायचं आणि पुढे रस्त्याने घाट चढायचा. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांची पेल एलची पिंपं याच बंदरात उतरून घाट चढली असणार, असं मानायला काही अडचण नाही.

आता गंमत बघा. ती जुनी आयपीए सहा महिने उकाड्यात तग धरेल अशी होती. आजची हेझी डबल आयपीए पनवेलच्या मे महिन्यात दुकानाच्या फळीवर एक आठवडा राहिली तरी अर्धी गेली. नाव तेच, स्वभाव नेमका उलटा. म्हणून ‘आयपीए टिकते’ हे ऐकीव ज्ञान इथे विसरायचं.

हा उलटा स्वभाव आला अमेरिकेतून. ‘डबल’ म्हणजे हॉप्स आणि माल्ट दोन्ही वाढवलेली. हा प्रकार १९९४ साली कॅलिफोर्नियात विनी सिलुर्झो यांनी ब्लाइंड पिग या ब्रुअरीत केला. ‘हेझी’ हा दुसरा धागा. व्हरमाँट राज्यातल्या वॉटरबरी गावात जॉन किमिच यांच्या ‘द अल्केमिस्ट’मध्ये २००४ साली ‘हेडी टॉपर’ नावाची डबल आयपीए तयार झाली. ती न गाळलेली होती, आठ टक्के अल्कोहोलची होती, आणि २०११ पासून ती कॅनमध्ये मिळू लागली. तिच्या मागे अख्खी पिढी निघाली. २०१८ साली अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने ‘ज्यूसी’ किंवा ‘हेझी’ असा वेगळा प्रकार आपल्या यादीत घेतला.

महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची सुरुवात पुण्यातून झाली. २००९ साली तिथे ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. हा शब्द मूळचा आपल्याच देवळालीचा. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत अडकून पडलेले ब्रिटिश सैनिक कंटाळून वेडेपिसे होत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला. बिअरच्या इतिहासात महाराष्ट्र असा अधूनमधून डोकावत राहतो.

गढूळपणा येतो कुठून

पनवेलला किण्वन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. १८७२ साली इथे सुरू झालेलं श्री धूतपापेश्वर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आसव-अरिष्टं म्हणजे काय? गोड द्रवात धायटीची फुलं घालायची, आंबू द्यायचं, आणि आतल्या आत अंगचं अल्कोहोल तयार होऊ द्यायचं. बिअरही तशीच. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, म्हणजे झाला माल्ट. तो गरम पाण्यात मुरवून गोड रस काढायचा, हॉप्स घालून उकळायचा, गार करून यीस्ट सोडायचं. इकडे तळोज्याला युनायटेड ब्रुअरीजच्या कारखान्यात लागर बनते तीही याच मूळ पद्धतीने. मग फरक कुठे पडतो?

पहिला फरक धान्याचा. हेझीत जवाबरोबर ओट्स आणि गहू बऱ्यापैकी असतात. त्यातली प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स एकमेकांना धरतात आणि द्रवात तरंगत राहतात. हाच तो गढूळपणा. पुष्कळांना वाटतं की हे तरंगणारं यीस्ट आहे. थोडं असतं, पण मुख्य काम प्रथिनांचं. ओट्समुळे तोंडात पातळ खिरीसारखा मऊपणाही येतो.

दुसरा फरक हॉप्स कधी घालायचे याचा. हॉप म्हणजे एका वेलीची फुलं, भांगेच्याच कुळातली, पण नशा न आणणारी. ती रसात तासभर उकळली की कडवटपणा उतरतो आणि सुगंध वाफेबरोबर निघून जातो. तमालपत्र आणि कोथिंबीर आपण एकाच वेळी घालत नाही ना? तमालपत्र फोडणीत, कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. हेझीत हॉप्स कोथिंबिरीसारखे वापरतात: उकळी थांबल्यावर, आणि पुढे किण्वन चालू असताना किंवा संपल्यावर थंड द्रवात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. म्हणून कडवटपणा कमी आणि वास भरपूर.

तिसरा फरक जातीचा. सिट्रा, मोझॅक, गॅलेक्सी ही हॉप्सच्या जातींची नावं कॅनवर वाचायला मिळतील. यांच्या तेलात आंबा, पेरू, पॅशनफ्रूट, संत्र्याची साल आठवेल असे घटक असतात. मायर्सीन नावाचा एक घटक हॉप्सच्या तेलात भरपूर असतो आणि आंब्यातही सापडतो. म्हणजे ‘आंब्याचा वास आला’ असं कुणी म्हटलं तर तो कल्पनेचा खेळ नाही, आणि बिअरमध्ये आंबा घातला असंही नाही.

विकत घेताना तारीख बघायची

हे सुगंधी घटक नाजूक असतात. त्यांचे तीन शत्रू: हवा, उष्णता आणि उजेड. हवेतला ऑक्सिजन थोडा जरी आत गेला तरी हेझी बिअरचा पिवळा रंग मळकट, तपकिरी, कधी राखाडी-जांभळट होतो. फळांचा वास जाऊन त्या जागी शिळा मधासारखा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. उजेडाने वेगळाच घोळ होतो. हॉप्समधला कडू घटक प्रकाशाने तुटतो आणि उग्र, दुर्गंधी वास सुटतो. कॅनमध्ये उजेड शिरत नाही, म्हणून ही बिअर कॅनमध्ये घेतलेली बरी.

उरली उष्णता, आणि आपल्याकडे तीच मोठी. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बिअर शिळी होण्याचा वेग दुपटीने ते तिपटीने वाढतो. फ्रिजमध्ये ४ अंश, दुकानाच्या फळीवर ३४ अंश. तीस अंशांचा फरक. तीन वेळा दुप्पट म्हणजे आठपट, तीन वेळा तिप्पट म्हणजे सत्तावीसपट. म्हणजे फळीवरचा एक आठवडा हा फ्रिजमधल्या साधारण दोन ते सहा महिन्यांइतका. हा अंदाजच आहे, पण खरेदी करताना पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट. हॉप्समध्ये काही विकरं म्हणजे एन्झाइम्स असतात. ती बिअरमध्ये उरलेल्या मोठ्या साखरा तोडतात. आत थोडं यीस्ट जिवंत असेल आणि वर उकाडा असेल, तर कॅनमध्ये पुन्हा किण्वन सुरू होतं आणि गॅस वाढतो. कॅन फुगलेला दिसला तर तो घेऊ नका, आणि घरात असेल तर तोंडाजवळ धरून उघडू नका.

मग दुकानात विचारायचं काय? दोनच प्रश्न: कधी भरली, आणि कुठे ठेवली. ‘अमुक महिन्यापूर्वी वापरा’ एवढं बघून भागत नाही, निर्मितीची तारीख शोधायची. भरल्यापासून दोन-तीन महिन्यांच्या आतली आणि सतत थंड ठेवलेली घ्यायची. बाहेरच्या फळीवरची हेझी अर्ध्या किमतीत मिळाली तरी सोडून द्यायची. आपण हापूस घेताना पेटी उघडून देठाशी वास घेतो, बोटाने हलकं दाबून बघतो, कुठल्या दिवशीची पेटी ते विचारतो. तेवढी चौकशी इथेही करायला हरकत नाही. मायक्रोब्रुअरीत नळावरची प्यायची असेल तर ही बॅच कधी लागली, एवढं विचारलं तरी पुरतं. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही.

ग्लास, थंडावा, ओतणं

घरी आणलेला कॅन फ्रिजमध्ये उभा ठेवायचा, आडवा नाही. तळाशी थोडा साका बसतो, तो बसू द्यायचा. फ्रीझरमध्ये टाकून घाईने गार करायची गरज नाही.

ग्लास कुठला? तोंडाशी थोडा अरुंद, पोटाशी फुगीर असेल तर वास आत साठून राहतो. घरात वाइनचा साधा ग्लास असेल तर उत्तम काम होतं. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवून त्यावर बर्फाची साय आणायची पद्धत आहे, ती इथे नको. त्या बर्फाचं पाणी बिअरमध्ये उतरतं आणि थंडीने वास दबतो.

ग्लास स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ? तेलाचा अदृश्य थर फेस मारून टाकतो. आपल्या स्वयंपाकघरात फोडणीचं तेल सगळीकडे असतं, आणि ज्या घासणीने कढई घासली त्याच घासणीने ग्लास घासला जातो. हे बघा, आम्ही या दोन ग्लासांत पाणी ओतून रिकामे करतो. या पहिल्यात पाण्याचा सलग पापुद्रा दिसतोय. या दुसऱ्यात थेंब थेंब वेगळे झालेत. दुसऱ्यात तेल आहे. वेगळ्या घासणीने धुवा, भरपूर पाण्याने साबण काढून टाका, आणि फडक्याने न पुसता उपडा ठेवून वाळू द्या.

तापमान ७ ते १० अंश. फ्रिजमधून काढली की ती ४-५ अंशांना असते. आपल्या हवेत ग्लासात ओतून पाच-दहा मिनिटं दम धरला की ती आपोआप तिथे येते. इतकं थांबायचं कशाला? सुगंधी घटक हवेत उडले तरच नाकापर्यंत पोहोचतात, आणि बर्फागार द्रवातून ते उडत नाहीत. फ्रिजमधून काढल्या काढल्या कापलेला हापूस आणि खोलीत ठेवलेला हापूस, दोन्ही खाऊन बघा, म्हणजे पटेल.

ओतताना ग्लास तिरका धरून कडेने ओतायचं, अर्ध्यावर आलं की ग्लास सरळ करायचा आणि मध्यभागी ओतायचं. दोन बोटं फेस यायला हवा. फेस म्हणजे दुकानदाराने मारलेलं माप नव्हे. फुटणारा प्रत्येक बुडबुडा वास वर आणून सोडतो. कॅन हलवून ओतू नका. शेवटचा बोटभर द्रव, गुठळ्या दिसत असतील तर, कॅनमध्येच राहू द्या. गढूळपणा सारखा हवा, दुधासारखा. त्यात पोह्याच्या चुऱ्यासारखे कण तरंगत असतील तर तो दोष.

हेडी टॉपरच्या कॅनवर ‘कॅनमधूनच प्या’ असं लिहिलेलं असतं, हे तुमच्यातल्या काहींनी वाचलं असेल. त्यांचा हेतू वास आत राहावा हाच. पण कॅनचं छोटं भोक नाकाखाली बसत नाही. आमचं मत ग्लासच्या बाजूने आहे.

चाखणं

आधी बघा. फिक्या पिवळ्यापासून पिकलेल्या आंब्याच्या रसाच्या रंगापर्यंत काहीही चालेल. तपकिरी झाक दिसली तर मनात नोंद करा.

मग वास. ग्लास एकदा हलका गोल फिरवा, दोन छोटे श्वास घ्या, ग्लास बाजूला करा. नाक फार लवकर सरावतं. सलग हुंगत बसलं तर काहीच येत नाही. दोन श्वासांमध्ये स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक पुन्हा ताजं होतं. आता समोरचं संत्रं आणि पेरू कशासाठी ते सांगतो. वासाला नाव देता येत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. उपाय सोपा: नावाची वस्तू शेजारी ठेवायची. संत्र्याची साल नखाने मोडा, हुंगा, मग ग्लास हुंगा. पेरू कापा, पुन्हा तेच. पपनस, अननस, कैरी, लिची, ताजं कापलेलं गवत. पाच-सहा वेळा केलं की नाव आपोआप सुचायला लागतं. काही हॉप्सना कांदा-लसणीचा वास असतो. थोडा असेल तर तो स्वभाव, सगळ्यावर चढला तर दोष.

मग घोट, छोटा. तोंडात फिरवा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. ही शेवटची पायरी लोक गाळतात. घशाच्या मागून नाकात जाणारा वास हाच आपण ज्याला चव म्हणतो त्याचा मोठा हिस्सा. सर्दीत वरण-भात बेचव लागतो तो याचमुळे.

काय बघायचं? आधी मऊ, किंचित गोड लागलं पाहिजे. मग फळ. शेवटी कडवटपणा यायचा, पण कारल्यासारखा चिकटून बसणारा नाही, संत्र्याच्या पांढऱ्या सालीइतका. घशात खवखव होत असेल तर हॉप्सचा बारीक चुरा अजून बसलेला नाही, म्हणजे बिअर जरा जास्तच ताजी आहे. पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास आला तर किण्वन नीट पूर्ण झालेलं नाही. आणि अल्कोहोलची आग छातीत जाणवायला नको. नीट केलेल्या डबल आयपीएत ती जाणवत नाही. पुढचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

किती

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार बिअरमध्ये अल्कोहोल जास्तीत जास्त आठ टक्के. पाच टक्क्यांच्या वर गेली की ती स्ट्राँग. परदेशात डबल आयपीए नऊ-दहापर्यंत जाते. आपल्याकडे तिला आठच्या आत राहावं लागतं आणि ती बहुधा त्या रेषेजवळ असते.

हिशोब करू. ५०० मिलिलीटरचा कॅन, आठ टक्के, म्हणजे ४० मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा छोटा पेग ३० मिलिलीटरचा, ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे १३ मिलिलीटर. एक कॅन म्हणजे तीन छोटे पेग. ३३० मिलिलीटरचा छोटा कॅन म्हणजे दोन. तीन पेग व्हिस्की कुणी पंधरा मिनिटांत घेत नाही, पण फळांच्या रसासारखा लागणारा गार कॅन मात्र सहज संपतो. ‘बिअरच तर आहे’ हे वाक्य या बिअरपुरतं तरी खोटं आहे.

शरीर हे अल्कोहोल ठरावीक गतीनेच काढतं, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. ४० मिलिलीटर म्हणजे ३२ ग्रॅमच्या आसपास. तीन ते साडेचार तास. कॉफी, आंघोळ, लिंबूपाणी यांनी ही गती वाढत नाही. आणि आपण राहतो कुठे? एकीकडे कळंबोलीहून सुटणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, दुसरीकडे पनवेलहून थेट कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात मर्यादा आहे रक्ताच्या १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅम. एका मोठ्या कॅननंतर बहुतेक जण तिच्या वर असतात. तेव्हा किल्ली दुसऱ्याकडे द्यायची, किंवा त्या दिवशी ग्लास उचलायचा नाही.

आमची सूचना साधी आहे. ही बिअर कटिंग चहासारखी वाटून घ्यायची. एक मोठा कॅन चौघांत. प्रत्येकाला १२५ मिलिलीटर, म्हणजे दहा मिलिलीटर अल्कोहोल, एका छोट्या पेगपेक्षा कमी. चाखायला एवढं भरपूर होतं, ग्लास गरम व्हायच्या आत संपतो, आणि महागड्या कॅनचा खर्चही वाटला जातो. दारूचं निर्धोक असं प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाटून घेतल्याने बिअर औषध होत नाही, पण मात्रा आवाक्यात राहते.

कशाबरोबर

इथे एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे बिअर म्हटली की चकणा तिखट. लागरबरोबर ते चालून जातं. इथे नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या उष्णतेच्या जाणिवेला चेतवतं, तिलाच अल्कोहोलही चेतवतं. दोन्ही एकत्र आले की आग वाढते. त्यात कडवटपणाची भर पडली की फळाचा वास शोधूनही सापडत नाही. म्हणून मिसळ, झणझणीत खेकड्याचं कालवण, लाल रस्सा, हे वेगळ्या दिवशी. सुकट आणि जवळ्याचंही तसंच. ते आमचं लाडकं खाणं आहे, पण त्याचा उग्र वास हॉप्सना झाकून टाकतो.

जमतं काय? तेलकट-तुपकट, खारट आणि मसाल्याने सौम्य. बुडबुडे आणि कडवटपणा जिभेवरचा स्निग्ध थर धुऊन काढतात, आणि मीठ कडवटपणाला नरम करतं. रव्यात घोळून तळलेले ताजे बोंबील, वर लिंबू, तिखट हात राखून. ओल्या नारळाची हिरवी चटणी भरलेलं पापलेट, मिरची बेताची. शाकाहारी मंडळींसाठी कोथिंबीर वडी, सुरणाचे काप, दाण्याचा कूट घातलेला साबुदाणा वडा. तांदळाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा आणि मीठ, हेही फार छान जमतं.

पण आमची पहिली पसंती पोपटीला. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, कुणी कोंबडी भरतं. ओवा आणि जाडं मीठ लावतात, मडकं उपडं करून भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. पोपटीत मिरचीचा जाळ नसतो. धूर असतो, मीठ असतं आणि भांबुर्डीचा ओव्यासारखा हिरवा वास असतो. हॉप्सच्या हिरव्या वासाशी त्याचं छान जुळतं, आणि थंडीत ग्लासही लवकर तापत नाही.

गोडाचं काय? खाणं बिअरपेक्षा फार गोड असेल तर बिअर नुसती कडू लागते. म्हणून गुलाबजाम, जिलेबी नको. आम्रखंड चमचाभर चालतं, कारण त्यात चक्क्याचा आंबटपणा आणि स्निग्धता आहे. आणि शेजारी पाणी ठेवा. सोलकढीही ठेवा, पण एका घोटात ही आणि दुसऱ्यात ती असं नको. सोलकढी जेवणाबरोबर.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*बिअर गढूळ आहे म्हणजे ती गाळलेली नाही. मग पोटाला बाधेल का?*

गढूळपणा प्रथिनांचा आणि पॉलिफेनॉल्सचा असतो, तो अस्वच्छतेची खूण नाही. मात्र ज्यांना गव्हाची किंवा ग्लुटेनची अडचण आहे त्यांनी दूर राहावं. यात जव, गहू दोन्ही असतात.

*घरी आणून वर्षभर मुरवली तर? वाइन मुरते तशी.*

काही काळ्या, दणकट बिअर मुरतात. ही नाही. हापूस वर्षभर ठेवला तर तो मुरत नाही, नासतो.

*उरलेला अर्धा कॅन दुसऱ्या दिवशी चालेल का?*

प्यायला चालेल, पण गॅस गेलेला असेल आणि वासही बराच उतरलेला असेल. म्हणून उघडण्याआधी माणसं मोजायची. चार जमले तर एक मोठा कॅन. एकटे असाल तर छोटाच आणा, आणि तोही सावकाश.

*आम्ही दोघंही पीत नाही, पण जावई येतात तेव्हा आणतात. आम्ही काय करायचं?*

दोन गोष्टी करा. आणल्या आणल्या कॅन फ्रिजमध्ये उभा ठेवा आणि ग्लास वेगळ्या घासणीने धुवा. ओतल्यावर एकदा तुम्हीही नुसता वास घेऊन बघा, त्याला हरकत नाही. आणि जावई गाडी घेऊन आले असतील तर त्यांना रात्री ठेवून घ्या.